डार्टमूर: ग्रिम्सपाउंडला खाणींच्या वाटेने जाऊ नका

ग्रिम्सपाउंड म्हणजे इंग्लंडमधल्या डार्टमूर या उंच, दलदलीच्या माळरानावरची कांस्ययुगीन वस्ती. "रस्त्याला लागूनच आहे, चपला घालूनही जाल," असं सांगणाऱ्याकडे नक्की गाडी असणार. आम्ही न्यूटन ॲबट या गावाहून टॅक्सी केली. 'पुढचा रस्ता अरुंद आहे' म्हणत चालकाने वॉरन हाऊस इन या पबपाशीच उतरवलं, वर ठरल्यापेक्षा वीस पौंड जास्त उकळले. भाडं आणि उतरायची जागा, दोन्ही लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.

तिथून व्हिटिफरच्या जुन्या कथील खाणींतून जाणारी वाट नकाशावर जेमतेम तीन किलोमीटर भरते. पावसानंतर मात्र खालच्या घळीत नुसता राडा. लुसलुशीत हिरवं शेवाळ दिसलं की तिथे पाय ठेवायचाच नाही, खाली पाणीच पाणी असतं. गवताच्या गड्ड्यांवरून उड्या मारत गेलो तरी पाय पोटरीपर्यंत आत गेला, आणि वर आला तो बुटाशिवाय! भातखाचरात वाढलेल्यांनीही इथे शहाणपणा करू नये. काठी हवीच. गाडी असेल तर सरळ वरच्या रस्त्याने जा.

हॅमलडाउन आणि हुकनी टॉर या टेकड्यांच्या मधल्या खिंडीत, साधारण ४५० मीटर उंचीवर, ग्रिम्सपाउंडच्या मोठ्या गडग्याच्या आत २४ गोल घरांचे पाये आहेत. कांस्ययुगाचा उत्तरार्ध, म्हणजे तीनेक हजार वर्षं सहज झाली. घरं आतून तीन-चार मीटरची, दाराशी उभ्या शिळा, काही ठिकाणी वारा अडवायला वळवलेला आडोसा. त्या आडोशाला बसल्यावरच त्याची किंमत कळते. १८९४ साली उत्खनन झालं, तेव्हा काही भिंती नव्याने रचल्या. दिसतं ते सगळं मूळचं समजू नका. या वस्तीला किल्ला म्हणणारेही भेटतात. आपले गड पाहिलेल्यांना हसू येईल: मुख्य दार चढाच्या बाजूला, दोन्हीकडच्या टेकड्यांवरून आतलं सगळं उघडं! गुरं कोंडायला आणि लांडगे बाहेर ठेवायला ठीक.

आखणी नीट पाहायची तर हुकनी टॉरवर चढा, दमला असाल तरी चढा. तिकीट नाही, पाणी आणि संडासही नाही.

मेरिव्हेल ही डार्टमूरवरचीच दुसरी जुनी वस्ती. ती सोपी, रस्त्याकाठी. तिथल्या घरांमध्ये पडलेलं मोठं गोल जातं प्रागैतिहासिक नव्हे, सफरचंदं चिरडायचं आहे. मेरिव्हेलच्या उत्तरेला लष्कराचा गोळीबाराचा पट्टा आहे. वेळापत्रक आधी बघा, लाल झेंडा दिसला की मागे फिरा.