भरिताचा सीन: धूर, धूळ आणि एक नडणारा कट

माझ्या फिल्मचा रफ कट (कच्चं एडिटिंग) घरच्यांना आणि गल्लीतल्या पोरांना दाखवला आणि डोक्याला हात लावला. सीन असा: नायक बांधावरून लांबवर धूर बघतो आणि म्हणतो, "तठे भरीत चालू शे." तिथे खरंच वांगी भाजायला काड्या पेटवलेल्या असतात, पण जाळ नुकता धरलेला, धूर नाहीच. त्याला दिसली ती पलीकडच्या शेतातल्या रोटाव्हेटरची, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या माती फोडणाऱ्या अवजाराची, धूळ. उत्तर बरोबर, आधार खोटा. मग त्याला 'माहीत होतं' म्हणायचं का?

प्रेक्षक एका सुरात म्हणाले, "होतं ना, भरीत होतंच की तिथे!" शंका कुणालाच नाही. एकाने तर वांगी बामणोदची (भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध गाव) होती का, तेच विचारलं.

मूळ कल्पना आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाची. त्याच्या उदाहरणात मांस भाजायला ठेवलंय आणि त्यावर घोंगावणारे किडे लांबून धुरासारखे दिसतात. १९६३ साली गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने तीनेक पानांच्या लेखात हाच पेच नव्याने मांडला आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान अजून त्यातून बाहेर आलेलं नाही. १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था असलेल्या अमळनेरात धूर आणि अग्नीवर, म्हणजे आपल्या तर्कशास्त्रातल्या अनुमानाच्या ठरलेल्या उदाहरणावर, कुणीतरी फिल्म करायलाच हवी होती, असं माझं आपलं मत.

धूळ धुरासारखी दिसेना, ते मात्र मार्गी लागलं. सूर्य कॅमेऱ्यासमोर ठेवून सकाळी लवकर शूट केलं की दोन्हींची नुसती काळपट आकृती उरते. वारा पडलेला असतो, त्यामुळे लोट सरळ उभा राहतो. हा शॉट मी परत परत लावून बघतो. ऑनलाइन मागवलेला स्वस्त एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी काच) वापरू नका, सगळं आभाळ जांभळं करतो.

खरा घोळ एडिटिंगमध्ये होता. मी लोट दाखवत होतो, कट, मग जाळ. कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवलंय की दोन शॉट शेजारी ठेवले की प्रेक्षक त्यांचा संबंध स्वतःच जुळवतो. इथे प्रेक्षकाने तेच केलं, म्हणजे नायकाच्याच चुकीच्या अनुमानात तोही सामील झाला. मग तो नायकाला दोष कसा देणार? नंतर ट्रॅक्टरचा शॉट जोडून पाहिला. पण तोवर भरीत दिसून गेलेलं असतं, ट्रॅक्टरकडे बघतो कोण! ट्रॅक्टर आधी दाखवला तर नायक येडा वाटतो, आणि तो येडा नाही. त्याच्या जागी आपणही तेच म्हटलं असतं, सगळी गंमत तिथेच आहे.

ड्रोन लावा, असं दोघांनी सुचवलं. माझा ठाम विरोध. वरून सगळंच दिसतं, मग शंकेला जागा कुठे?

म्हणून आता कटच काढून टाकतोय. नायक उभा आहे तिथून जाळ आणि लोट एका रेषेत दिसतात. कॅमेरा सायकलच्या कॅरियरला बांधून बांधावरून आडवा सरकवायचा. जाळ जवळ, ट्रॅक्टर लांब, त्यामुळे लोट हळूहळू जाळावरून बाजूला सरकेल आणि खाली बिनधुराचा जाळ उघडा पडेल. अनुमान नाही, प्रत्यक्ष. काल फोनवर झूम करून नुसता अंदाज घेतला. जाळ दोनशे फुटांवर आणि ट्रॅक्टर हजाराच्या पुढे असेल, तर दहा-बारा फूट सरकणं पुरतं. ट्रॅक्टरवाले काका रेषेतच लांब जात राहिले पाहिजेत, आडवे वळले की खेळ खलास.

हे लिहिता लिहिता लक्षात आलं: रोटाव्हेटरचा आवाज! तो ऐकू आला की धूर कोण म्हणेल? आवाज नंतर पुसून टाकणं ही लबाडी होईल. त्यापेक्षा नायकाला चालू मोटारसायकलवरच बसवतो, कानाला मफलर. माझी गाडी फारच गरीब आवाजाची आहे. अमळनेर-चोपड्याकडे कुणाची जुनी, फटफटणारी गाडी एका सकाळपुरती मिळेल का? पेट्रोल माझं, भरीतही.