बापाच्या रगतातला एफ

सिकलसेलच्या, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, शिबिरात आम्ही लोकांना दाखवतो तो चार चौकोनांचा तक्ता मी स्वतः रंगवलेला आहे. वर आई, बाजूला बाप, आत चार मुलं. आईबाप दोघंही वाहक असले तर एक मूल एए, म्हणजे साधं, दोन एएस, म्हणजे वाहक, आणि एक एसएस, म्हणजे रुग्ण. ए हे साधं हिमोग्लोबिन, एस सिकलचं. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय : ‘दोघांकडून आली तरच पोराला सिकलचा आजार.’ बारा वर्षं हा तक्ता गुंडाळी करून जीपमध्ये टाकून मी पूर्व विदर्भातली गावं फिरले आहे. गेल्या वर्षी रोवणीच्या ऐन दिवसांत एक माणूस बायकोला आणि पोरीला घेऊन माझ्या लॅबच्या खिडकीशी आला, तो त्याच तक्त्याचा हिशोब मांडून.

शिबिरात मिळालेला कागद त्याने काचेला टेकवला. “मॅडम, माह्या रगतात सिकल नाही. मंग पोट्टीच्या रगतात कोठून आली?”

बायको मागे भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. पोरगी अकरा वर्षांची. ती बाकावरून उड्या मारत होती. ही गोष्ट तेव्हाच माझ्या डोक्यात अडकायला हवी होती. एसएसचं पोर पावसाळ्याच्या गारठ्यात आमच्या बाकावर असं उड्या मारत नाही. ते आईच्या मांडीवर पडून असतं, नाहीतर गुडघा धरून बसतं.

“डीएनए टेस्ट करा,” तो म्हणाला. हा शब्द त्याने कुठून उचलला ते विचारायची गरज नव्हती.

आमच्या कामाची पद्धत थोडक्यात सांगते. गावात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी करतात. रसायनात रक्त टाकलं की एस असेल तर नळी दुधाळ होते, मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसत नाहीत. रेघा दिसल्या की ‘निगेटिव्ह’ लिहून माणूस मोकळा. जे पॉझिटिव्ह निघतात त्यांचंच रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत एचपीएलसीसाठी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या मशीनसाठी, माझ्याकडे येतं. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतचे ७ कोटी लोक तपासायचे ठरले, आणि तेव्हापासून वरून रोज एकच प्रश्न येतो : आज किती झाले? किती नीट झाले, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

पोरीची जुनी फाइल काढली. पाच वर्षांची असताना शाळेच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघाली होती. माझ्या मशीनवरचे आकडे : एस ६८.४ टक्के, एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, २७.१, आणि ए-टू, हा एक किरकोळ प्रकार, १.९. ए मुळीच नाही. शेरा : ‘एसएस पॅटर्न’. खाली डॉक्टरांची सही आणि तिच्या डावीकडे, ‘तपासणी करणार’ या शब्दांपुढे, माझी आद्याक्षरं.

आईची तपासणी तेव्हाच झाली होती, ती एएस. बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. ‘वडील : वाहक असणार’ असं कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं. अक्षर माझं नाही, पण ते खोडून ‘वडिलांना बोलवा’ असं मीही लिहिलं नव्हतं.

त्याच फाइलमध्ये तिचं हिमोग्लोबिन होतं १२.१. औषधाशिवाय, रक्त न चढवता. आमच्याकडच्या एसएस पोरांत एफ पंधरा-वीस टक्के असणं नवं नाही, त्यामुळे २७ बघून मी दचकले नसेन. आपल्याकडच्या सिकलसोबत जो जनुकीय वारसा येतो, ज्याला अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात, त्यात एफ मुळातच जास्त राहतो. पण १२.१? एसएसमध्ये सातआठ, फार तर नऊ बघायची सवय असलेल्या डोळ्यांनी ते सोडलं कसं? त्या दिवशी ट्रेमध्ये किती नळ्या होत्या ते आता आठवत नाही. बऱ्याच असणार. हे कारण मी स्वतःला देते आणि ते मला पटत नाही.

तिघांचं रक्त घेतलं. मशीनला एका नमुन्याला साडेसहा मिनिटं लागतात. नवख्या माणसाला ती नुसती वाट पाहणं वाटते, पण मला आलेख वर चढताना बघायला आजही आवडतं. १.१ मिनिटाच्या आसपास एफ निघतो, अडीचच्या सुमाराला ए चा डोंगर, ३.६ ला ए-टू, साडेचारच्या आसपास एस. आईचा आलेख आला : ए चा डोंगर, पुढे एस चा अर्ध्या उंचीचा. नेहमीचा वाहक. मग बापाचा. सव्वा मिनिट व्हायच्या आतच रेघ उठली आणि उठतच राहिली. एफ २२.६ टक्के. ए-टू १.८. एस शून्य.

छत्तीस वर्षांचा, पोतं पाठीवर घेणारा गडी, हिमोग्लोबिन १४.२, आणि रक्ताचा जवळपास चौथा हिस्सा तान्ह्या बाळाचा.

एफ म्हणजे फीटल, गर्भातलं हिमोग्लोबिन. जन्मताना बाळात तेच साठ ते ऐंशी टक्के असतं, वर्षभरात उतरत जातं आणि मोठ्या माणसात एक टक्क्याच्या खाली राहतं. ते बनवणारं जनुक मात्र कुठे जात नाही. तुमच्या-माझ्या रक्त बनवणाऱ्या प्रत्येक पेशीत ते शाबूत आहे, फक्त गप्प बसवलेलं. खरं तर पांढऱ्या पेशीतही हिमोग्लोबिनची सगळी जनुकं असतात, पण ती त्यांना हात लावत नाही. मी रोज शेकडो स्लाइड बघते, लाल आणि पांढऱ्या पेशी शेजारी शेजारी, आणि दोघींना घडताना एकच पोथी मिळालेली असून एक अध्याय एकीनेच वाचलाय, हे माझ्या मनात आलं नव्हतं. बाळांना सिकलचा त्रास पहिले काही महिने होत नाही, तो या एफ मुळेच. ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच ते ओळखलं होतं. एफ असला की एस च्या दोऱ्या वळत नाहीत आणि पेशीचा विळा होत नाही.

आता खरं काम होतं. हा एफ काही पेशींतच भरलाय की सगळ्या पेशींत सारखा, हे मशीन सांगत नाही. त्यासाठी अॅसिड इल्यूशन करायचं, म्हणजे आम्लाने पेशींतला ए धुऊन काढायचा, हाताने. ही तपासणी आमच्याकडे वर्षातून एखाद्या वेळी होते आणि नवीन पोरांना ती येत नाही, शिकायचीही नाही. काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, वाळवून अल्कोहोलात पाच मिनिटं. मग ३.३ पीएचचं बफर, ३७ अंशांवर. इथेच घोटाळा होतो : पीएच जरा चढला की ए धुऊनच निघत नाही, आणि सगळंच लाल बघून माणूस खूश होतो. म्हणून प्रसूतिकक्षातून नाळेचं रक्त मागवलं आणि त्यात माझं स्वतःचं मिसळून शेजारी स्लाइड केली. माझ्या पेशी धुऊन निघून भुतासारख्या फिक्या दिसल्या पाहिजेत, बाळाच्या गडद गुलाबी. तशाच दिसल्या. मग बापाची स्लाइड लावली. एकही भूत नाही. कुठे कमी, कुठे जास्त, पण सगळ्या पेशी गुलाबी. पोरीच्याही तशाच, पण ती चार वर्षं हायड्रॉक्सीयुरिया घेत होती आणि ते औषधही एफ वाढवतं. त्यामुळे तिच्या स्लाइडवर माझी भिस्त नव्हती. बाप कसलंच औषध घेत नव्हता.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड पाहिली. पोरीचा जुना रिपोर्ट पाहिला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एस आईकडून. बापाकडून एचपीएफएच. ए कुठून येणार?”

म्हणजे असं. एचपीएफएच म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही चालू राहण्याचा आनुवंशिक गुण. आईकडून पोरीला एस आलं. बापाकडून जो गुणसूत्राचा तुकडा आला, त्यात ए बनवणारं बीटा जनुकच नाही. ते पिढ्यांपूर्वी कधीतरी गळून गेलंय आणि त्याच्या जागी गर्भातलं गॅमा जनुक जन्मानंतरही चालूच राहिलंय. पोरीत त्यामुळे मुख्यतः एस आणि एफ. ए नाही म्हणून यंत्राला ती एसएस दिसते. ती एसएस नाही. बापाकडे एस नाही म्हणून नळी स्वच्छ, रेघा स्वच्छ, कागदावर ‘निगेटिव्ह’. सगळ्या तपासण्या बरोबर होत्या. माझा तक्ताही बरोबर होता. फक्त त्या चौकोनात ‘गळालेलं’ अशी खूणच नव्हती.

त्याला हे सांगायचं माझ्यावर आलं. मॅडम म्हणाल्या, तुमची भाषा त्याला कळेल. मला त्याच्या बांध्यांचीच, म्हणजे धानाच्या बांधलेल्या शेततुकड्यांचीच, उपमा सुचली. “तुमचा मामा तलाव आहे ना? पाटाच्या तोंडाशी पहिल्या बांध्या, मंग पुढच्या?” तो म्हणाला, हो. ही उपमा मी नंतर खूप घासून पाहिली आणि ती बऱ्यापैकी टिकते. अकराव्या गुणसूत्रावर ही जनुकं खरोखर ओळीने आहेत, ज्या क्रमाने आयुष्यात लागतात त्याच क्रमाने : आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. वरच्या टोकाला तलाव, म्हणजे सगळ्यांना जोर देणारा नियंत्रक भाग. जन्मानंतर पाटकरी येतो, गॅमाच्या बांधीचं तोंड बुजवतो आणि पाणी बीटाकडे सोडतो. त्या पाटकऱ्याचं नाव बीसीएल११ए. त्याचं हे काम २००८ मध्ये उघडकीला आलं. याच्या घराण्यात शेवटच्या दोन बांध्याच वाहून गेल्या आणि सोबत पाटाचा काही भागही. पाणी वरच राहिलं. वरच्या बांधीतलं धान पिकतच राहिलं.

“म्हणजे माह्यात खोट आहे?” त्याने विचारलं.

“आहे,” मी म्हणाले. “त्या खोटीनंच पोरगी बाकावर उड्या मारतेय.”

खरं तर याहून मोठी गंमत सांगण्यासारखी होती, पण ती त्या खोलीत सांगायची नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने क्रिस्पर वापरून केलेल्या ज्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली, त्यात काय करतात? रुग्णाच्या मूळ पेशी काढून बीसीएल११ए ला लाल पेशींत चालू ठेवणारी किल्ली कापतात. सिकल तशीच राहते, पाटकऱ्याला सुट्टी मिळते आणि एफ परत वाहतो. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. वाट वेगळी, पण फळ तेच, आणि हा माणूस ते रक्तात घेऊन मिरच्या तोडत होता आणि बायकोवर संशय घेत होता.

नमुने मुंबईला पाठवले. पोळ्याच्या आठवड्यात उत्तर आलं : भारतीय प्रकारचा एचपीएफएच-३, डीएनएच्या जवळपास पन्नास हजार अक्षरांचा तुकडा गायब, बापात आणि पोरीत एकच.

पुढचं मला नीट लागत नाही. पोरीचं हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांनी थांबवलं, ते चांगलं झालं. पण रुग्णाचं कार्ड रद्द करायचं म्हणजे त्यावर मिळणारी मदतही जाणार. वरच्या एका साहेबांचा सल्ला होता की जुना रिपोर्ट उकरू नका, आपलीच चूक दिसते. आमच्या रजिस्टरात एए, एएस, एसएस आणि ‘इतर’ एवढेच रकाने आहेत. मी ‘इतर’ मध्ये टाकलं. त्यापुढे पान संपतं.

बांध्यांची उपमा सांगितली त्या दिवशी निघताना बापाचा चेहरा बदलला होता. दाराशी थांबून तो बायकोला म्हणाला, “सिकल तुहीच आहे. पोट्टी वाचली ते माह्यानं.” ती तेव्हाही बोलली नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मात्र ती एकटीच आली. लॅबमध्ये मीच होते. मुंबईचा रिपोर्ट तिला दाखवला. इंग्रजी, दोन पानं. तिने तो उलटसुलट करून परत दिला. “मराठीत लिहून द्या. माह्या जावेले वाचता येते.”

तसा काही नमुना आमच्याकडे नाही आणि मला तसं लिहून देण्याचा अधिकारही नाही. कोऱ्या कागदावर लिहिलं : ‘या मुलीच्या रक्तात दोन गोष्टी आहेत. एक आईकडून आलेली. दुसरी वडिलांकडून आलेली, ती वडिलांच्या रक्तातही तशीच सापडली आहे. आईच्या रक्तात ती नाही.’ तिने मला तीनदा वाचून दाखवायला लावलं. ‘वडिलांकडून’खाली रेघ मारायला सांगितली. मग म्हणाली, “शिक्का?”

मॅडम सुट्टीवर, त्यांचा शिक्का कपाटात कुलूपबंद. माझ्या टेबलावर एकच शिक्का असतो, नळ्यांसोबत येणाऱ्या फॉर्मवर मारायचा. तोच शाईत बुडवून मारला : ‘नमुना प्राप्त’. तिने तो निळा गोल वाळेपर्यंत फुंकला आणि कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवला.