तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्सला अँटीव्हायरस लागतो का?

मी घरच्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स वापरतो हे कळलं की पुढचा प्रश्न हमखास येतो, मग तुम्हाला व्हायरसचं टेन्शनच नाही ना, अँटीव्हायरस लागतच नाही म्हणे? पूर्वी मी पटकन "नाही लागत" म्हणून मोकळा व्हायचो. आता तसं म्हणत नाही, कारण ते अर्धंच उत्तर आहे.

लिनक्समध्ये सगळ्यात आधी काय शिकवतात, तर रूट (सिस्टमवर सगळे अधिकार असलेलं खातं) वेगळा आणि आपण वेगळे, पासवर्ड दिल्याशिवाय सिस्टमच्या फायलींना कोणी हात लावू शकत नाही. बरोबर आहे. पण सिस्टम उडाली तर माझं जातं काय? पेनड्राइव्ह लावला की तासाभरात परत इन्स्टॉल होते. माझे फोटो, बँकेची स्टेटमेंट्स, ब्राउझरमधली लॉगिन्स, एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायच्या) कीज हे सगळं होम फोल्डरमध्ये आहे आणि ते वाचायला रूट लागतच नाही, मी चालवलेला प्रत्येक प्रोग्राम माझ्याच नावाने चालतो, मला जे दिसतं ते त्यालाही दिसतं. म्हणून माझ्या दृष्टीने खरा प्रश्न अँटीव्हायरसचा नाहीच, मशीनवर काय येतंय आणि कुठून येतंय हा आहे.

हे मला कसं कळलं तेही सांगतो. नवीन वायफाय कार्ड चालत नव्हतं, तेव्हा नेटवर सापडलेली एक ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवली, कर्लने स्क्रिप्ट उतरवून थेट सुडो बॅशच्या हाती देणारी, म्हणजे न वाचताच रूटच्या अधिकाराने चालवणारी. वायफाय चालू झालं, मी विसरून गेलो. काही महिन्यांनी ती स्क्रिप्ट उघडून वाचली तर ड्रायव्हरसोबत तिने एक अनोळखी रेपॉझिटरी (प्रोग्रामची पॅकेजेस जिथून उतरतात ते भांडार) जोडून ठेवली होती आणि सिस्टमला तिच्यावर विश्वास ठेवायला लावणारी की पण टाकली होती, म्हणजे ती रेपॉझिटरी चालवणाऱ्याने उद्या तिथे कुठल्याही पॅकेजची नवी आवृत्ती ठेवली असती तर ती माझ्या नेहमीच्या अपडेटमधून रूट म्हणून आत आली असती. वाईट काही झालेलं दिसलं नाही, पण दिसलं नाही म्हणजे झालं नाही असं थोडीच आहे, त्याच रात्री सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल केलं.

तेव्हापासून आधी डिस्ट्रोची (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या तयार प्रकाराची) स्वतःची रेपॉझिटरी, तिथे नसेल तर फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारी ॲप्स), आणि त्यापलीकडचं काही घ्यायचं तर वाचल्याशिवाय नाही. आर्च या डिस्ट्रोच्या एयूआरमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांनीच टाकलेल्या पॅकेजांच्या साठ्यात, जुलै 2018 मध्ये पीडीएफ वाचायच्या एका बेवारस पॅकेजचा ताबा कोणीतरी घेतला आणि त्यात स्वतःचा कोड घुसवला, पॅकेजचं नाव तेच, माणूस बदललेला. फेब्रुवारी 2016 मध्ये तर लिनक्स मिंट या डिस्ट्रोची वेबसाइटच हॅक झाली आणि डाउनलोडची लिंक बॅकडोअर (चोरदरवाजा) असलेल्या आयएसओकडे, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलकडे, वळवली गेली. म्हणून आयएसओ उतरवल्यावर नुसता चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवू नका, जीपीजी सही (फाइल खरंच बनवणाऱ्यांचीच आहे का ते दाखवणारी डिजिटल सही) पण तपासा, साइटच हातात आली तर शेजारचा चेकसम बदलायला कितीसा वेळ लागतो.

आणि मार्च 2024 चं एक्सझेड प्रकरण. एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारं, बहुतेक डिस्ट्रोंत असणारं सॉफ्टवेअर. दोनेक वर्षं गोडीगुलाबीने काम करून विश्वास कमावलेल्या एका खात्याने 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत बॅकडोअर ठेवलं, आणि ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं आणि तो माणूस त्याच्या मागे लागला. मला अजूनही ते आठवून भरून येतं. तेव्हा डेबियन स्टेबलवर, म्हणजे तपासून स्थिर केलेल्या शाखेवर, असलेल्यांपर्यंत त्या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या, डेबियनची नवं आधी येणारी टेस्टिंग शाखा आणि इतर काही ताज्या डिस्ट्रोंत मात्र त्या आल्या होत्या. रोजच्या कामाच्या मशीनवर मी स्टेबलच ठेवतो ते यामुळे, सिक्युरिटी अपडेट मात्र आपोआप होतात, त्यात मी स्वतःच्या आळसावर विश्वास ठेवत नाही.

फ्लॅटपॅकबद्दल एक, तो सँडबॉक्स (ॲपला बाकी सिस्टमपासून वेगळं ठेवणारा कप्पा) असला तरी बऱ्याच ॲप्सना पूर्ण होम फोल्डरची परवानगी दिलेली असते, फ्लॅटसील हे परवानग्या दाखवणारं ॲप टाकून बघा आणि नको ती बंद करा. शिवाय स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या एक्स 11 वर अजून असाल तर त्याच्या जागी आलेल्या वेलँडवर या. एक्स 11 ची रचना 1987 ची, तिथे एका विंडोत टाइप केलेलं दुसरा प्रोग्राम निवांत ऐकू शकतो, पासवर्डसकट. फायरवॉल? उबुंटूत यूएफडब्ल्यू नावाचा असतो पण बंद असतो, एका कमांडचं काम आहे, करून टाका.

डिस्क एन्क्रिप्शनवर, म्हणजे पासफ्रेजशिवाय डिस्क वाचताच येऊ नये यावर, मात्र मी हट्टी आहे. डेस्कटॉप कोण उचलून नेणार असं मलाही वाटायचं. मग एक हार्ड डिस्क वॉरंटीत असताना मेली, बदलून हवी तर जुनी परत पाठवा म्हणाले, आणि मेलेली डिस्क पुसणार कशी? माझा सगळा डेटा असलेली ती डिस्क मी कुणाच्या तरी हवाली करणार होतो. पाठवलीच नाही, पैसे घालून नवी घेतली आणि इन्स्टॉल करताना लक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) निवडलं. तो पर्याय इन्स्टॉलच्या वेळीच टिक करा, नंतर करायला फार त्रास होतो. पासफ्रेज विसरलात तर डेटा गेलाच, तो कोणीही परत आणू शकत नाही, मी कागदावर लिहून कॉम्प्युटरपासून लांब ठेवलाय.

बॅकअपची डिस्कही एन्क्रिप्टेड आहे आणि बॅकअप झाला की तिची वायर काढलेली असते, कारण जोडलेली डिस्क माझ्या नावाने चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला दिसते. आणि तुमचा अँटीव्हायरस, तर क्लॅमएव्ही नावाचा आहे माझ्याकडे, विंडोजवाल्यांना फाइल पाठवायच्या आधी ती तपासायला वापरतो.