शी, गो आणि १४ कौलं

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लेख मागणारं पत्र आलं, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे की या अंकात मॅट्रिकचे निकाल येतील, स्कॉलरशिपचे फलक येतील, स्नेहसंमेलनं येतील, पण आपल्या शाळेत चार वर्षं चाललेल्या कराटेच्या वर्गाबद्दल एक ओळही येणार नाही. त्याची नोंद कुठल्या अहवालात नाही. एका रजिस्टरात आहे, ती कशी ते पुढे सांगतो. म्हणून मी हाच विषय घेतला.

मी आठवीत होतो. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. गणपतीत भाड्याचा व्हिडिओ आणून रात्रभर सिनेमे बघायचा तो काळ. ब्रूस ली जाऊन एक तप उलटलं होतं, तरी आमच्या वाडीत तो रोज नव्याने जन्म घेत होता. बाजारातल्या सायकलच्या दुकानात त्याचं चित्र होतं आणि हवा भरायला आलेला प्रत्येक मुलगा त्या चित्रासमोर एक लाथ हवेत मारूनच पुढे जायचा. माझ्या बाकावरच्या मित्राने तर नानचाकूच करायचं ठरवलं. चिव्याच्या दोन काठ्या तासल्या, साखळी मिळेना. तेव्हा त्याने आजीच्या झोपाळ्याच्या साखळीतून एका बाजूच्या चार कड्या काढल्या आणि टोक परत हुकाला अडकवून ठेवलं. दुपारी आजी झोपाळ्यावर बसली ती सरळ भिंतीकडे घसरली. ‘माझो झोपाळो कोणी वाकडो केलो?’ ही हाक शाळेपर्यंत ऐकू आली. नानचाकू संध्याकाळी जप्त झाला, पण तोवर मित्राच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. ते त्याने आठवडाभर मिरवलं.

अशा हवेत आमचे कराटेचे सर आले. कणकवलीहून दर शनिवारी दुपारच्या एस्टीने यायचे, रात्री शाळेतच मुक्काम करायचे आणि रविवारी दुपारी परत जायचे. बारीक अंगाचे, चष्मा लावणारे, आवाज मऊ. आम्हाला वाटलं होतं, भिंत फोडून आत येईल असा कोणीतरी येणार. सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, ब्रूस ली कराटेवाला नव्हता. तो हाँगकाँगला विंग चुन ही चिनी युद्धकला शिकला आणि पुढे त्याने जीत कुन डो ही स्वतःची पद्धत काढली. वर्गात शोककळा पसरली. दोन मुलं तर पुढच्या शनिवारी आलीच नाहीत.

जे राहिले त्यांना सरांनी ओकिनावा बेटाची गोष्ट सांगितली. तिथल्या इतोसू नावाच्या गुरूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळेत आणलं आणि मुलांना झेपतील असे सोपे काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचालींचे संच, रचले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी, जन्म १८६८, हे स्वतः शाळामास्तर. त्यांनी १९२२ मध्ये टोकियोला जाऊन प्रात्यक्षिक केलं आणि कराटे जपानभर पसरलं. आम्ही शिकत होतो तो हेइआन शोदान म्हणजे इतोसूंनी शाळेतल्या मुलांसाठी रचलेल्यांपैकीच एक. सर म्हणाले, ‘हे तुमच्यासाठीच केलंय, दुसऱ्या कोणासाठी नाही.’ मला ते इतकं आवडलं की घरी जाऊन मी ते बाबांना सांगितलं, आणि बाबांनी फीचे पैसे काढून दिले.

गणवेश शिवायचं काम गावातल्या शिंप्याकडे गेलं. दशावतारी मंडळींचे राजाचे अंगरखेही तेच शिवायचे, त्यामुळे त्यांचा हात मोठा होता. सरांनी कागदावर चित्र काढून दिलं: पुढून उघडा, बटण नाही, खिसा नाही. शिंपीकाकांना हे पटेना. ‘खिसो नको? मगे पैशे खंय ठेवतलंस?’ त्यांनी आपल्या जबाबदारीवर प्रत्येकाला आतून एक चोरखिसा दिला. आमच्या वर्गाचा गी, म्हणजे कराटेचा गणवेश, हा बहुधा चोरखिसा असलेला पृथ्वीवरचा एकमेव गी असावा. एस्टीचे सुटे पैसे आणि भाजलेल्या काजूबिया त्यात छान मावायच्या.

बेल्टची कथा वेगळी. बेल्ट धुवायचा नाही, अशी सरांची शिस्त, आणि वर्षानुवर्षांच्या घामाने तो काळा होत जातो अशी आमच्यात कुजबुज. पण कोकणातल्या पावसाला जपान ठाऊक नव्हतं. जुलैअखेर आमच्या पांढऱ्या बेल्टांवर बुरशी धरली आणि निम्मा वर्ग परीक्षा न देताच हिरव्या बेल्टवर पोचला. सरांनी एकेकाचा बेल्ट हातात घेऊन बघितला, वासही घेतला, आणि आपला नियम तिथल्या तिथे बदलला: जून ते सप्टेंबर बेल्ट चुलीवरच्या दांडीवर वाळवायचा. श्रावणात आमची रांग वाकून नमस्कार करायची तेव्हा सगळीकडे धुराचा आणि सुक्या बांगड्याचा वास दरवळायचा. आजही कुठे चुलीचा धूर नाकात गेला की माझी पाठ आपोआप सरळ होते.

आता ‘शी’ आणि ‘गो’.

पावसाळा सोडून वर्ग पुळणीवर भरायचा, सुरूच्या बनाला लागून. मोजणी जपानीत: इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, क्यू, जू. एकेका आकड्याला एकेक ठोसा. चौथा ठोसा शी, पाचवा गो. तीस मुलं एका दमात ओरडायची. एका रविवारी नेमकी त्याच वेळी म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन एक मावशी वाटेने चालली होती. ती आमच्या समोर आली आणि तीस कंठांतून निघालं, ‘शी! गो!’

मावशी थांबली. पाटी डोक्यावरून उतरवून वाळूत ठेवली. पदर खोचला. मी पहिल्या रांगेत होतो, म्हणून तिचा चेहरा मला नीट आठवतो. ‘कोणाक रे शी म्हणतास? बांगडो बघ तरी आधी! सकाळचो आसा!’ आणि खरंच एक बांगडा उचलून तिने सरांच्या नाकाखाली धरला. निळसर हिरवी पाठ, डोळा काचेसारखा, कल्ले लालभडक. सर शाकाहारी होते. पण कराटे नमस्काराने सुरू होतं आणि नमस्कारानेच संपतं, हे फुनाकोशींचं पहिलं सूत्र ते जगत होते. त्यांनी टाचा जुळवल्या, बांगड्यासमोर कमरेतून वाकले आणि मग समजावलं की जपानीत चार म्हणजे शी, पाच म्हणजे गो.

मावशीने ऐकून घेतलं. ‘मगे एक-दोन-तीन करूक काय झाला?’

यावर सरांकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं. पण त्या दिवसापासून ती मावशी आमच्या वर्गाची झाली. लांबून येताना दिसली की तिनेच वाटेवरून मोठ्याने ‘सान! शी! गो!’ म्हणायचं आणि आम्ही ठोसे मारायचे. तिच्या आवाजाला वारा कापत जायची धार होती. सर म्हणायचे, ‘कियाई, म्हणजे ठोशाबरोबरची आरोळी, शिकायची तर हिच्याकडून शिका, पोटातून येते.’ ते मनापासून म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

पुळणीवरची दुसरी शाळा म्हणजे रापण. किनाऱ्याला जाळं ओढायला दोन्ही दोरांवर माणसं लागलेली असायची. सर एकदा त्यांच्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग आम्हाला बोलावून दाखवलं: मागचा गुडघा वाकलेला, बहुतेक भार मागच्या पायावर, पाठ सरळ, ओढ खांद्यातून नव्हे तर कमरेतून. ‘हाच कोकुत्सु दाची, मागच्या पायावर उभं राहायचा पवित्रा. मी तुम्हाला तीन महिने सांगतोय, आणि हे आजोबा जन्मभर करताहेत.’ आजोबांनी विचारलं, ‘मास्तरांनू, नुसते बघतास काय? धरा दोर.’ झालं. आमचा अर्धा तास रापणीत गेला. ओला दोर तळहातात कसा चावतो, पाण्याची ओढ टाचेखालची वाळू कशी काढून घेते, आणि कंबर खाली गेली की तोच दोर कसा ऐकायला लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी आम्हालाही माशांचा वाटा मिळाला. सरांचा वाटा आम्ही आनंदाने वाटून घेतला.

गावही हळूहळू कराटेमय झालं. त्या हिवाळ्यात जत्रेतल्या दशावतारात युद्धाचा प्रसंग आला, मृदुंगाची लय चढली, राजा तलवार परजत गोल फिरला आणि राक्षसाने एकदम सरळ पुढची लाथ काढली. गुडघा आधी वर, मग पाय. अस्सल माए गेरी! हे काम करणारे गृहस्थ दर रविवारी कुंपणापलीकडे उभे राहून आमचा वर्ग बघत असत, ते तेव्हा उलगडलं. आम्ही पुढेच बसलो होतो. सगळ्यांनी उभं राहून ‘ओस!’ हा कराटेतला सलाम ठोकला. राजा दचकला, पण मृदुंगवाला पक्का होता, त्याने त्या ओसवर तिहाई घेतली.

दुसऱ्या वर्षी मुली आल्या, सात जणी. पुढे तपकिरी बेल्टपर्यंत आमच्यातून सर्वांत आधी पोचली ती त्यांच्यातलीच एक, आणि ती पोचायलाच हवी होती. पहाटे पाणी भरून, शेण काढून ती वर्गाला यायची आणि तरी पहिल्या रांगेत असायची.

आणि आता कौलं. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर प्रात्यक्षिक ठरलं. लाकडी फळ्या महाग, म्हणून शाळेमागे गडग्याला टेकवून ठेवलेली मंगलोरी कौलं वापरायची परवानगी सरांनी मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, ‘दोन-चार घ्या.’ जांभ्याचे दोन चिरे मांडले, वर कौलं, मध्ये लाकडाच्या चिपा. चिपा ठेवल्या की एक कौल फुटून खालच्यावर आदळतं आणि काम सोपं होतं, हेही सरांनी आम्हाला आधीच सांगून टाकलं होतं. ते काही लपवत नसत. सरांनी पाच फोडली. टाळ्या थांबेनात. मग मोठ्या मुलांनी एकेक. गावातून ‘आणखी एक, आणखी एक’ सुरू झालं. माझं कौल बारावं होतं. हात खाली गेला तेव्हा काही लागल्याचं जाणवलंच नाही. फक्त माठ फुटावा तसा आवाज, आणि मग तळहाताच्या कडेला चिकटलेली तांबडी पूड. ती मी घरी जाईपर्यंत पुसली नाही.

एकूण १४ झाली.

मे महिन्यात कौलं परतायला माणूस छपरावर चढला आणि नेमकी १४ कमी पडली. शाळेकडे तेव्हा पैसे नव्हते. तेवढ्या जागी झापं टाकली. मृगाचा पहिला पाऊस आला आणि मधल्या खोलीत चार धारा लागल्या. मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावलं. आम्ही रांगेत उभे. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘पावसाळ्यात तुमचा वर्ग याच खोलीत. कौलं तुम्ही फोडलीत, तर पाणीही तुम्हीच सांभाळा.’ आणि डेडस्टॉक रजिस्टर उघडून आमच्यादेखत लिहिलं: ‘कौले, नग १४, कराटे.’ हीच ती नोंद.

तो पावसाळा आम्ही चार बादल्यांमधून हेइआन शोदान केला. त्यात २१ हालचाली आहेत. नवव्या हालचालीला पहिली कियाई येते आणि बरोबर त्या ठिकाणी बादली यायची. ती ओलांडूनही तोल न ढळता हात कपाळापुढे उचलून वरचा वार अडवायचा. पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत कोरड्या, सपाट जमिनीवर आमची मुलं उतरली, तेव्हा नवव्या हालचालीला सगळ्यांनी एकसाथ पाय जरा जास्तच उंच उचलला. पंचांनी सरांना विचारलं, ही कोणती शैली? सर म्हणाले, ‘शोतोकान. आमच्याकडे पाऊस जास्त असतो.’

शोतोकान हे फुनाकोशींच्या शैलीचं नाव, आणि त्यातलं शोतो हे त्यांचं टोपणनाव. पाइनच्या बनातून वारा वाहतो तेव्हा उठणाऱ्या लाटा, असा त्याचा अर्थ. सरांनी तो आम्हाला सुरूच्या बनात सांगितला, कान देऊन ऐकायला लावलं, आणि पाच मिनिटं कोणी बोललं नाही. २०२० चं टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, त्यात कराटे पहिल्यांदाच आलं आणि ओकिनावाच्याच र्‍यो कियुनाने काताचं सुवर्ण घेतलं. दिवंगत आईचा फोटो हातात घेऊन तो पदक घ्यायला उभा राहिला. मी लगेच सरांना फोन लावला. दोघांनाही बोलता येईना.

या मे महिन्यात, महोत्सवाच्या निमित्ताने, आम्ही सहा जण टेम्पोतून १४ कौलं घेऊन शाळेत आलो. जुनी इमारत अजून कौलारूच आहे, याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. सरही आले होते, आता काठी घेऊन. नव्या कारकुनाने रजिस्टर काढलं, जुनी नोंद शोधली, पुढे ‘जमा’ लिहिलं. अंगणातल्या मुलांना कोणीतरी सांगितलं असावं, कारण ती धावत गेली, जांभ्याचे दोन चिरे आणले, सरांसमोर मांडले आणि गोल करून उभी राहिली.

सरांनी वरचं कौल उचललं. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. मग काठी माझ्याकडे देऊन ते कौल दोन्ही हातांनी सर्वांत लहान मुलीच्या हातात ठेवलं आणि तिच्यासमोर कमरेतून वाकले.

‘शिडीवरच्या काकांकडे दे,’ ते म्हणाले. ‘सांभाळून हां.’