गुडघा दुखतो, पण गोळी ठरते किडनी पाहून

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्यांच्या झिजेच्या आजारात, झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) भरून आणणारं औषध आजमितीला नाही. आहेत ती सगळी दुखणं कमी करणारी. त्यामुळे एक्स-रेत झीज किती दिसते यावरून गोळी ठरत नाही. जठर, किडनी, हृदय कसं आहे आणि आधीपासून काय चालू आहे, यावरून ती ठरते.

गुडघा किंवा हाताची बोटं दुखत असतील तर सुरुवात जेलने करावी. डायक्लोफेनॅक जेल गोळीच्या मानाने रक्तात जेमतेम 6 टक्के उतरतं. तरीही ‘जेलने काही फरक नाही’ ही तक्रार नेहमीची, आणि कारण बहुतेक वेळा मात्राच असते. 1 टक्क्याचं जेल गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅम लागतं. म्हणजे ट्यूबमधून काढलेली साधारण 11 सेंटिमीटरची पट्टी, दिवसातून चार वेळा. प्रत्यक्षात वाटाण्याएवढं जेल रात्री झोपताना एकदा चोळलं जातं. खऱ्या मात्रेत 30 ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. ती महिनाभर टिकली असेल तर जेल निकामी ठरवायची घाई नको. चिठ्ठीवर नुसतं ‘लावायला’ लिहिलं की असंच होणार. लावल्यावर दहा मिनिटं त्यावर कपडा नको, वरून शेक नको. बोटांना लावलं असेल तर तासभर हात धुऊ नयेत. खुब्याचा सांधा फार खोल असतो, तिथे जेलचा उपयोग नाही.

दोन-तीन आठवड्यांत पुरेसा आराम नसेल तर पोटातून सूज उतरवणारं वेदनाशामक: नॅप्रॉक्सेन 250 ते 500 मि.ग्रॅ. दोनदा किंवा सेलेकॉक्सिब 200 मि.ग्रॅ. एकदा, तेही भागेल तेवढ्या कमी मात्रेत आणि थोडेच दिवस. सोबत जठरातलं आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी, ओमेप्राझोल 20 मि.ग्रॅ., न्याहारीच्या अर्धा तास आधी. पासष्टीपुढच्या आणि अल्सर होऊन गेलेल्या रुग्णाला तर ते हवंच. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आयब्युप्रोफेन तिचा परिणाम अडवू शकतं, म्हणून ते शक्यतो टाळावं.

पित्ताची गोळी जठर सांभाळते, किडनी नाही. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. घातक त्रिकूट असं जमतं: रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, जोडीला लघवी वाढवणारी गोळी आणि वर नॅप्रॉक्सेनसारखं वेदनाशामक. वेदनाशामकामुळे किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी आकसते, रॅमिप्रिलमुळे बाहेर नेणारी सैल पडते, आणि लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी आधीच घटलेलं असतं. गाळायला लागणारा दाबच उरत नाही. त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा घटक) दोन-तीन दिवसांत चढतं. अशा रुग्णाचं क्रिएटिनिन गोळीच्या आधी आणि सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी बघावं. ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा रक्ततपासणीतून काढलेला अंदाज) 30 च्या खाली असेल तर वेदनाशामकाची ही गोळी लिहूच नये.

पॅरासिटामॉलचा या दुखण्यात परिणाम तुटपुंजा. शिवाय ते सर्दीच्या आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांमध्ये लपलेलं असतं. सगळं मिळून दिवसाला 4 ग्रॅमपुढे जाऊ नये, वजन कमी किंवा यकृत कमजोर असेल तर त्याहून कमीच.

अनेक सांधे दुखतात आणि नॅप्रॉक्सेनसारखं वेदनाशामक चालत नाही, तिथे ड्युलॉक्सेटिन हे नैराश्यावरही दिलं जाणारं औषध उपयोगी पडतं. आठवडाभर 30 मि.ग्रॅ., मग 60. सुरुवातीला मळमळतं, बंद करताना मात्रा उतरवत न्यावी, एकदम सोडू नये. त्यासोबत ट्रामाडॉल (अफूच्या गटातलं वेदनाशामक) नको.

सांध्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहावी. दोन इंजेक्शनांत किमान तीन महिने जाऊ द्यावेत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर 12 आठवड्यांनी दोन वर्षं इंजेक्शन घेणाऱ्यांची कूर्चा जास्त झिजली होती, आणि दुखणं मात्र तुलनेसाठी नुसतं सलाइन टोचलेल्यांएवढंच. सांधा बदलायचं ठरलं असेल तर आधीचे तीन महिने इंजेक्शन टाळावं, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.