पावती नसलेल्या भाकऱ्या

वॉशिंग्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूवर आपल्या वकिलातीसमोर गांधीजींचा पुतळा आहे. त्याला नमस्कार करून वळले, तर रस्त्यापलीकडे कमानींच्या दरवाजांचा एक मोठा वाडा दिसला. हे अँडरसन हाउस, ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’चं मुख्यालय. आत जायला पैसे पडत नाहीत.

मे 1783. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपत आलेलं, सैन्य घरोघर पांगणार आणि अधिकाऱ्यांचे पगार थकलेले. तेव्हा हेन्री नॉक्स या सेनानीच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. प्रत्येक अधिकाऱ्याने एक महिन्याचा पगार घालायचा आणि त्या निधीतून सोबत्यांच्या विधवांना, मुलाबाळांना आधार द्यायचा. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. नाव घेतलं ते लढाई जिंकून पुन्हा नांगराला हात घालणाऱ्या रोमन सिनसिनाटसचं. (यॉर्कटाउनला याच सैन्यापुढे हरलेला कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन आपल्याकडे आला, हे तिथे उभं असताना सारखं मनात येत होतं.)

काचेच्या पेटीत संस्थेचं पदक होतं. निळ्यापांढऱ्या फितीला लटकलेला सोन्याचा गरुड, पंख पसरलेला, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठा. फितीचे दोन रंग म्हणजे अमेरिका आणि फ्रान्सच्या मैत्रीची खूण. पदकाचं रेखाटन लाँफाँ या फ्रेंच इंजिनिअरचं. पुढे या वॉशिंग्टन शहराचा आराखडाही त्यानेच केला.

वाद पेटला तो वारशावरून. सभासदत्व बापाकडून थोरल्या मुलाकडे जाणार, असा नियम होता. राजाशी लढून मोकळे झालो आणि आता घरातच सरदार तयार करायचे का, असं लोक विचारू लागले. बेंजामिन फ्रँकलिनने 1784 मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात म्हटलं की, मान द्यायचाच तर चिनी लोकांसारखा आईवडिलांना द्यावा. ज्यांनी वाढवलं त्यांचा त्यात वाटा असतो. पुढच्या पिढीने काय केलेलं असतं? स्वतः वॉशिंग्टननी त्याच वर्षी हा वंशपरंपरेचा नियम काढायचा प्रयत्न केला. सगळ्या राज्यशाखांनी मान्यता दिली नाही, नियम राहिला. मला फ्रँकलिनचं पटतं, अगदी मनापासून.

तिथून मेट्रोने आणि मग पायी सतराव्या रस्त्यावर ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’च्या इमारतीत गेले. ही बायकांची संस्था, 1890 ची. पत्ताच मुळी 1776, डी स्ट्रीट! तिथलं ग्रंथालय मला फार आवडलं. जुन्या सभागृहाचं वाचनालय केलंय. वर काचेचं छत, भोवती सज्जे आणि खाली टेबलांवर वाकून खापरपणजोबा शोधणारी माणसं. इथे सभासद व्हायला स्वातंत्र्ययुद्धातला पूर्वज दाखवावा लागतो, पण तो अधिकारीच असावा लागत नाही, शिपाईही चालतो. इतकंच काय, ज्याने सैन्याला धान्य किंवा गुरं पुरवली, तोही चालतो. फक्त त्याचा कागद हवा, आणि तुमच्यापासून त्याच्यापर्यंत प्रत्येक पिढीचा पुरावा हवा.

याच संस्थेने 1939 मध्ये मारियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला आपलं सभागृह नाकारलं होतं. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्व सोडलं आणि अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर 75,000 लोकांसमोर गायल्या. पहिली कृष्णवर्णीय सभासद व्हायला 1977 उजाडलं. पुढे याच संस्थेने युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी लोकांची 6,000 हून अधिक नावं जुन्या कागदांतून शोधून छापली. ते काम मोलाचं आहे. ज्यांची कागदावर नोंदच नाही, त्यांचं काय, हा प्रश्न मात्र मनातून निघेना.

आमच्या घरी आजोबांचा ताम्रपट आहे. दिवाळीला चिंचेने घासतात, मग भिंतीवर लखलखतो. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या दिवसांत ते भूमिगत होते. आजीने त्या दिवसांत उसाच्या फडात लपलेल्या माणसांसाठी रात्री चुलीवर भाकऱ्या थापल्या. कधी दहा, कधी चाळीस. फडक्यात बांधून, वर कांदा आणि खर्डा ठेवून, पहाटे शेणाच्या पाटीखाली लपवून न्यायची. त्याची पावती कोण देणार?

सवयीने मीही समोरच्या कोऱ्या कागदावर वंशावळ मांडायला घेतली. माझं नाव, बाबांचं, आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं. वरपर्यंत सरळ रेघ. आजीच्या चौकटीशी पेन थांबलं. लग्नात तिचं नाव बदललेलं; आधीचं मला माहीतच नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर येऊन घरी फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते.

“आई, आजीचं माहेरचं नाव काय गं?”

“सासूबाईंचं? गोदा होतं वाटतं... का चंद्रा? थांब हं, फोन ठेवू नकोस. आत्या जाग्या असतील, त्यांना विचारते.”