गोल धारेचे पाते

आजोबांचा रंधा घेऊन ते गृहस्थ आले, तेव्हा तो ज्या फडक्यात गुंडाळलेला होता त्यालाही गंजाचे तांबूस डाग पडले होते. रंधा बिडाचा होता. लांबी १४ इंच आणि पात्याची रुंदी २ इंच, म्हणजे स्टॅनले या अवजारे बनवणाऱ्या कंपनीच्या ५ क्रमांकाच्या रंध्याचे माप. लिओनार्ड बेली यांच्या रंध्यांचे हक्क या कंपनीने १८६९ मध्ये घेतले, आणि पुढे लोखंडी रंधे बहुतांशी त्याच धर्तीवर बनत गेले. "शोभेला ठेवायचा नाही, फळीवर चालला पाहिजे," एवढेच त्या गृहस्थांचे म्हणणे होते, आणि ते मला फार आवडले.

गंज काढण्यात विशेष काही घडले नाही. अडकलेले स्क्रू रात्रभर तेलात मुरू दिले. सुटे भाग काही तास व्हिनेगरमध्ये ठेवले, पण त्याहून जास्त नाही, कारण गंज संपल्यावर आम्ल चांगल्या धातूलाही खाऊ लागते. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून तेलाचा हात दिला. तळ सपाट करताना पाते आत ओढून जागेवरच कसलेले ठेवले, कारण कसल्याच्या ताणाने रंध्याचे अंग किंचित वाकते आणि तळ त्याच अवस्थेत सपाट व्हायला हवा. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, पुढची कड, तोंडाची (म्हणजे पाते जिथून बाहेर येते त्या फटीची) कड आणि मागची कड एका पातळीत येईपर्यंतच घासले.

चूक पात्याशी झाली. पाते उजेडात धरले तर त्याची धार सरळ नव्हती: दोन्ही कोपरे मागे गेलेले आणि मधला भाग सव्वा मिलिमीटर पुढे आलेला. वर्षानुवर्षे धार लावताना कोपऱ्यांवर जास्त दाब पडून ते झिजले असावेत, असे मी गृहीत धरले. गुण्या लावून काटकोनात रेघ मारली आणि पोलाद निळे पडू नये म्हणून वरचेवर पाण्यात बुडवत, धार त्या रेघेपर्यंत चाकावर सरळ केली. मग २५ अंशांचा उतार, दगडावर ३० अंशांची बारीक धार, आणि पाठीमागे वळलेली पातळ कड सपाट बाजूने पुसून टाकली. अंगठ्याच्या नखावर टेकवले तर पाते घसरत नव्हते. मी समाधानाने रंधा जोडला.

खडबडीत फळीवर तो चालेना. पाते थोडे बाहेर काढले की दोन इंच रुंदीची जाड ढलपी एकदम उचलण्यासाठी एवढा जोर लागे की रंधा अडकून थांबे, आणि जिथे चाले तिथे कोपऱ्यांच्या दोन सरळ रेघा फळीवर उमटत. पाते आत घेतले तर नुसती धूळ निघे. पाते बसते ती तिरकी बैठक सैल असेल, पात्यावर कसलेल्या, ढलपी वळवणाऱ्या पट्टीखाली, म्हणजे टोपीखाली, फट राहिली असेल, असे करत मी सगळे पुन्हा तपासले. कुठेच दोष नव्हता. तेव्हा कुठे मी तोंडाकडे नीट पाहिले. ते चांगलेच रुंद होते, कारण बैठक मागे सरकवून ठेवलेली होती. पात्यावर टोपीच्या कडेचा जो जुना डाग राहिला होता, तोही धारेपासून बराच मागे होता. रुंद तोंड, मागे घेतलेली टोपी आणि गोल धार या तिन्ही गोष्टी एकाच कामासाठी जमवलेल्या होत्या. आजोबा हा रंधा फळीचा पहिला खडबडीतपणा उतरवायला वापरत होते; त्या कामात गोल धारेचा फक्त मधला भाग लाकडात शिरतो, जाड पण अरुंद ढलपी निघते आणि कोपरे फळीला लागतच नाहीत.

जे मी झीज समजलो होतो, ती त्यांनी हाताने दिलेली गोलाई होती.

मला खरोखर वाईट वाटले. गोलाई परत देता येत होती, पण त्यासाठी आता कोपरे आणखी मागे न्यावे लागणार होते, म्हणजे एरवी कित्येक वेळा धार लावायला पुरले असते तेवढे पोलाद माझ्यामुळे वाया गेले. १० इंच त्रिज्येचा कंस पुठ्ठ्यावर काढून मी पत्र्याचा एक साचा कापला, तो पाठीवर ठेवून रेघ आखली आणि संध्याकाळपर्यंत तिच्याबरहुकूम धार उतरवली.

गृहस्थ आले तेव्हा घडले ते सगळे सांगितले, आणि पात्याची मजुरी घेतली नाही. त्यांनी रंधा फळीवर शिरांच्या दिशेने सरळ धरला होता. मी तो तिरका करून आडव्या अंगाने ढकलायला सांगितले. पहिल्याच फेरीत जाड, आखूड ढलप्या तोंडातून भराभर वर आल्या आणि फळीवर उथळ पन्हळींची ओळ उमटली. मूठ मी तेलाने पुसण्यापलीकडे हात न लावता तशीच ठेवली होती. त्यांचा अंगठा तिच्यावरच्या गुळगुळीत खळग्यात जाऊन बसला, आणि ते न थांबता फळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत रंधा मारत गेले. पत्र्याचा साचा रंध्याबरोबर त्याच फडक्यात बांधून दिला.